ॲड एजन्सीतले पहिले सहा महिने: नवीन येणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास मुंबईतल्या एजन्सींमध्ये नवी पोरं येतात, कोणी जेजे, रहेजा किंवा पुण्याच्या अभिनव अशा आर्ट कॉलेजांतलं, कोणी मास मीडिया करून तर कोणी इंजिनिअरिंग करून मग ठरवलेलं की आपल्याला हेच करायचंय. पहिल्या दिवशी बहुतेकांना एकच गोष्ट दिसते ती म्हणजे इथे सगळं किती मोकळं आहे. शॉर्ट्स घालून बसलेला माणूस क्रिएटिव्ह डायरेक्टर निघतो, त्याला सगळे नावानेच हाक मारतात, साडेदहा-अकराशिवाय ऑफिस भरत नाही, मग वाटतं इथे नियम नाहीत. नियम आहेत आणि चांगले कडक आहेत, फक्त ते कुठे लिहिलेले नसतात आणि बसवून सांगायला कोणाला वेळ नसतो. त्यामुळे हुशार मुलं पहिल्या वर्षातच गोंधळून, दमून लाइन सोडून जातात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. मी कॉपीच्या, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिण्याच्या बाजूचा माणूस आहे पण आर्ट, सर्व्हिसिंग, प्लॅनिंग कुठेही जाणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल, म्हणून क्रमाने लिहितो.

जॉइन व्हायच्या आधी

ऑफर लेटर नीट वाचा, सगळं, शेवटच्या पानापर्यंत. सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स सगळं मिळवलेलं असतं त्यामुळे "दर महिन्याला बँकेत नक्की किती येणार" हे एचआरला सरळ विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही. प्रोबेशन किती, प्रोबेशनमध्ये नोटीस किती आणि कन्फर्म झाल्यावर किती, कारण नंतर दोन-तीन महिन्यांची नोटीस असणं नेहमीचं आहे आणि दुसरीकडे नोकरी मिळते तेव्हा हाच आकडा आडवा येतो. बाहेरची फ्रीलान्स कामं चालतात का तेही बघा, बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

बाहेरगावाहून येत असाल तर रूम शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा, सकाळी ऑफिसला कसं पोचणार यापेक्षा रात्री उशिरा घरी कसं पोचणार हे बघून जागा घ्या. एजन्सी लोअर परळ, अंधेरी, गोरेगाव अशा ठिकाणी असतात, तुमची लाइन वेस्टर्न आणि घर सेंट्रलला असं केलंत तर रात्री साडेअकराला दादरचा ब्रिज चढताना फार जड जातं.

पहिला आठवडा: कोण काय करतं ते समजून घ्या

सर्व्हिसिंग म्हणजे क्लायंटशी रोज बोलणारे, काम आणणारे, एस्टिमेट पाठवणारे, पैसे वसूल करणारे. प्लॅनिंग किंवा स्ट्रॅटेजी म्हणजे लोक खरंच काय विचार करतात हे शोधून आपल्याला दिशा देणारे. क्रिएटिव्ह म्हणजे कॉपी (मजकूर) आणि आर्ट (चित्र, मांडणी), हे जोडीने काम करतात. पूर्वी कॉपीवाला लिहून कागद आर्टकडे सरकवायचा, १९४९ मध्ये न्यूयॉर्कला डीडीबी ही एजन्सी सुरू झाली तिथे बिल बर्नबाख यांनी दोघांना एका टेबलावर बसवलं आणि मग जगभर हीच पद्धत झाली. मग फिल्म डिपार्टमेंट, स्टुडिओ (आर्टवर्क छपाईसाठी तयार करणारे), आणि काही ठिकाणी ट्रॅफिक, म्हणजे कुठलं काम कोणाकडे अडकलंय याचा माग ठेवणारी माणसं.

मीडिया म्हणजे जाहिरात कुठल्या चॅनलवर, कुठल्या पेपरात येणार हे काम आता बहुतेक वेगळ्या कंपन्या करतात. हे सांगायचं कारण असं की पूर्वी एजन्सीची कमाई मीडियाच्या १५ टक्के कमिशनवर चालायची, मीडिया वेगळी झाल्यावर क्रिएटिव्ह एजन्सी मुख्यतः रिटेनर फीवर आणि प्रोजेक्टच्या पैशावर आल्या. रिटेनर म्हणजे क्लायंट महिन्याला ठरलेली रक्कम देतो आणि त्यात अमुक इतकी माणसं, इतका वेळ असं गणित असतं. म्हणूनच तुम्हाला टाइमशीट भरायला लावतात. सगळ्यांना ते कंटाळवाणं वाटतं, पण तुमची टीम एका क्लायंटसाठी ठरल्यापेक्षा दुप्पट राबतेय हे दाखवायला तेवढाच एक पुरावा असतो, म्हणून रोजच्या रोज आणि खरं भरा, घरी जाऊन केलेले तासही भरा.

स्टुडिओबद्दल थोडं जास्त लिहितो कारण नवीन लोक तिथेच चुकतात. स्टुडिओत बसणारी माणसं बऱ्याचदा आपलीच मराठी माणसं असतात, लालबाग, डोंबिवली, विरारहून येणारी, कित्येक वर्षं त्याच खुर्चीत बसलेली. पाच क्रिएटिव्ह डायरेक्टर आले नि गेले पण हे दादा तिथेच आहेत. कुठल्या पेपरची कॉलमची साइझ काय, कुठला लाल प्रिंटला काळपट येतो, मागच्या दिवाळीचं आर्टवर्क कुठल्या सर्व्हरवर पडलंय, सगळं त्यांना माहीत असतं. सात वाजता जाऊन "दादा अर्जंट आहे" म्हणू नका, दुपारीच जाऊन सांगून ठेवा की संध्याकाळी एक काम येतंय, लेआउट लावत असताना शेजारी बसा, बघा, विचारा. मी जे काही टाइप आणि लेआउटबद्दल शिकलो ते तिथेच शिकलो, आणि आजही एखाद्या एजन्सीत गेलो की पहिली ओळख स्टुडिओत करून घेतो.

ब्रीफ: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ब्रीफ म्हणजे काय काम, कोणासाठी, कशासाठी करायचंय याची माहिती. माझ्या मते एजन्सीतली निम्मी रात्रपाळी ब्रीफ नीट न घेतल्यामुळे होते. सर्व्हिसिंगवाले व्हॉट्सॲपवर टाकतात "एक पोस्टर हवंय, फेस्टिव्ह, ईओडी" (एंड ऑफ डे, म्हणजे आज दिवस संपेपर्यंत) आणि नवीन माणूस लगेच ओके टाकून कामाला लागतो, मग रात्री नऊला कळतं की पोस्टर दुकानात आत लागणार होतं, ऑफर वेगळी होती आणि मराठी, गुजराती दोन्ही हवं होतं. तर काम हातात घ्यायच्या आधी इतकं तरी विचारा: हे कोणाशी बोलतंय, त्याला एकच गोष्ट सांगायची तर कोणती, त्याने त्यावर विश्वास का ठेवावा, हे कुठे दिसणार आणि कुठल्या साइझमध्ये किंवा किती सेकंदात, कुठल्या भाषा, काय काय टाकणं बंधनकारक आहे, आणि क्लायंटकडे अखेरचा होकार कोण देणार. शेवटचा प्रश्न नवीन लोक विचारत नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण ब्रँड मॅनेजरने हो म्हटलेलं काम त्याच्या वरचा माणूस दोन दिवसांनी बाउन्स करतो आणि तुम्ही पहिल्यापासून सुरू करता.

"ईओडी" म्हणजे किती वाजता तेही विचारा. क्लायंटच्या ऑफिसची संध्याकाळ सहाची असते, एजन्सीची अकराची.

बंधनकारक गोष्टी हा विषय रटाळ वाटतो पण त्यातच अडचणी होतात. बिल्डरची जाहिरात असेल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर आणि वेबसाइट लागते, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. म्युच्युअल फंडाला तो जोखमीचा इशारा लागतोच, फिल्ममध्ये बोलूनही. "नंबर वन", "सर्वात जास्त" असं काही लिहिलंत तर त्याचा आधार क्लायंटकडून लेखी मागून ठेवा, कारण कोणी तक्रार केली तर एएससीआय, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी या धंद्याचीच संस्था, आधार मागते. ही संस्था १९८५ पासून आहे, तिची आचारसंहिता तिच्या साइटवर आहे, एका दुपारी बसून वाचून काढा, तुमच्या बरोबरीच्या फार कमी लोकांनी वाचलेली असते.

प्रश्न विचारले तर आपण बावळट दिसू असं वाटतं, मला माहितीये. पण ब्रीफ घेताना विचारलेला प्रश्न कोणी लक्षात ठेवत नाही, काम झाल्यावर विचारलेला सगळे ठेवतात. आणि तोंडी किंवा फोनवर ब्रीफ मिळालं असेल तर दोन ओळींचा मेल टाका, "मला असं समजलंय, बरोबर ना?" इतकाच.

रिव्ह्यू

इंटर्नल रिव्ह्यू म्हणजे तुम्ही केलेलं काम आधी आपल्याच सिनिअरला दाखवणं. एक आयडिया घेऊन जाऊ नका. दहा-पंधरा कच्च्या आयडिया, एका ओळीत लिहिलेल्या, सोबत पेनाने काढलेला स्क्रॅच एवढं पुरे. नवीन आर्टवाले काय करतात, एकाच आयडियावर दोन दिवस फोटोशॉपमध्ये सावल्या लावत बसतात, मग ती उडाली की वेळही गेला आणि जीवही तुटतो. स्क्रॅचवर आयडिया कळत नसेल तर ती रंग भरूनही कळत नाही.

रेडिओ किंवा फिल्मची स्क्रिप्ट असेल तर वाचून दाखवायची तयारी घरी करा, घड्याळ लावून, मोठ्याने. ३० सेकंदांची स्क्रिप्ट मनात वाचताना ३० सेकंदांत बसते आणि मोठ्याने वाचली की ४२ होतात.

फीडबॅक येतो तेव्हा लिहून घ्या. मोबाइलमध्ये नाही, वहीत, समोरच्याला दिसेल असं. लगेच उत्तर देऊ नका, वकिली करू नका. आयडिया उडणार आहेत, रोज उडणार आहेत, चांगल्याही उडणार आहेत, आणि वाईट वाटणार आहे, ते वाटायलाच हवं नाहीतर तुम्ही मनापासून केलेलं नव्हतं. उडालेल्या आयडिया एका फोल्डरमध्ये ठेवा, दुसऱ्या ब्रँडला दुसऱ्या वर्षी त्यातली एखादी बरोबर बसते. फक्त एक, फीडबॅक कामाबद्दल असावा. कोणी तुमच्यावर, तुमच्या इंग्रजीवर, तुमच्या गावावर बोलत असेल तर तो फीडबॅक नाही आणि तो एजन्सीचा कल्चरही नाही, ते चुकीचं वागणं आहे, आणि ते शांतपणे पण तिथल्या तिथे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मराठीचं काम आलं तर

हे येणारच. तुम्ही मराठी आहात कळलं की पहिल्याच महिन्यात कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणेल "इसका मराठी कर दे ना, पाच मिनिट का काम है". ते पाच मिनिटांचं काम नाही आणि हे शांतपणे सांगायची सवय पहिल्याच वेळी लावून घ्या. हिंदी किंवा इंग्रजी लाइन घेऊन शब्दाला शब्द लावला की जे होतं ते आपण महाराष्ट्रभर होर्डिंगवर वाचतो, अक्षरं मराठी आणि वाक्य भलतंच. लोकांना ते लगेच जाणवतं, बोलून दाखवत नाहीत पण ब्रँडबद्दलची आपुलकी तिथेच संपते.

जाहिरातकार पीयूष पांडे १९८२ मध्ये ओगिल्वी या एजन्सीत आले ते सर्व्हिसिंगमध्ये, लिहायला नंतर लागले, आणि त्यांनी इंग्रजीत विचार करणाऱ्या या धंद्याला रस्त्यावरच्या हिंदीत विचार करायला लावलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्याबद्दल सगळ्यांनी हेच लिहिलं. मराठीत तसं करायला कोणी अडवलेलं नाही. गिरगावात १९०५ मध्ये सुरू झालेली बी. दत्ताराम ही देशातल्या अगदी जुन्या एजन्सींपैकी, तेव्हा मराठी माणूस या धंद्यात नवखा नाही, आपण उगाच दबकून बसतो.

तर करायचं काय? इंग्रजी लाइन हातात आली की आधी ब्रीफ मागा, लाइन नाही. ब्रँडला काय म्हणायचंय ते समजून घ्या आणि मराठीत पहिल्यापासून लिहा, तीन पर्याय द्या, आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत एका ओळीत सांगा की याचा भाव काय, कारण होकार देणाऱ्याला बहुतेक वेळा मराठी येत नसतं. कुठल्या भागासाठी आहे विचारा. नागपूरच्या दुकानाची जाहिरात आणि पुण्याची एकाच बोलीत चालेल असं धरू नका, निदान प्रमाण आणि मोकळी बोली यातलं काय हवं ते ठरवा. एजन्सीबाहेरच्या एखाद्या माणसाला, आईला, सोसायटीच्या वॉचमनकाकांना वाचून दाखवा, ते अडखळले तर लाइन बदला.

लेआउटकडेही बघा. इंग्रजीत आखलेल्या चौकटीत मराठी तसंच ठोकलं की वेलांट्या वरच्या ओळीला आणि उकार खालच्या ओळीला भिडतात, म्हणून दोन ओळींत जागा जास्त मागा. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये मजकूर टाकल्यावर जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलतीकडे जात असेल तर कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी सेटिंग) बदलावा लागतो, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी आणि इलस्ट्रेटरमध्ये साउथ एशियनवाला, ही एक सेटिंग माहीत नसल्यामुळे कितीतरी होर्डिंगवर चुकीचं मराठी छापून गेलंय. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये तसाच कॉपी केला तर कचरा होतो, कन्व्हर्ट करून घ्या आणि मग परत पूर्ण वाचा. युनिकोडमधला फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मुक्त, बालू असे फॉन्ट मोफत मिळतात. आणि आर्टच्या मुलांनो, र. कृ. जोशींचं काम शोधून बघा. उल्का एजन्सीत जाहिरातीचं काम केलेला हा माणूस, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. देवनागरीकडे इतक्या प्रेमाने बघता येतं हे त्यांच्यामुळे कळतं.

आर्टवर्क रिलीजला जायच्या आधी शेवटचं वाचन तुम्हीच करा. ऱ्हस्व-दीर्घ बघा, तारीख आणि वार जुळतात का कॅलेंडर उघडून बघा, फोन नंबर स्वतः फिरवून बघा.

रात्री, पिच आणि तुमची तब्येत

पिच म्हणजे नवा क्लायंट मिळवायला चार-पाच एजन्सी एकाच वेळी काम दाखवतात, बहुतेकदा विनामोबदला, रोजचं काम सांभाळून. त्या आठवड्यात उशीर होतो. गणपती ते दिवाळी आणि आयपीएलच्या आधीचे दिवस तसेच. हे धरून चाला, घरच्यांना आधी सांगून ठेवा, जेवण आणि कॅबची पॉलिसी पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, बिलं जपून ठेवा.

पण रोज रात्री दोन म्हणजे ते पिच नाही, ते वाईट नियोजन आहे. बॉस उठत नाही म्हणून बसून राहणं बंद करा. आपलं काम संपलं की जाऊन सांगायचं, "माझं झालंय, अजून काही नसेल तर निघतो", आणि निघायचं. पहिल्यांदा छाती धडधडते, मग सवय होते, आणि मी बघितलंय की असं सांगून निघणाऱ्या मुलांबद्दल कोणी वाईट बोलत नाही, कारण त्यांचं काम वेळेत आलेलं असतं.

मुलींसाठी खास: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तुमची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी कंपनीची आहे, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी (२०२५ मधल्या बदलाआधी हा आकडा दहा होता). ही मेहेरबानी नाही. तसंच २०१३ च्या पॉश कायद्याने (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) दहा किंवा जास्त लोकांच्या प्रत्येक ऑफिसात अंतर्गत समिती हवी, तिची नावं ऑफिसात लावलेली असली पाहिजेत, नसतील तर विचारा. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते आणि ऑफिसची पार्टी, शूट, बाहेरगावचा दौरा हेही कामाचं ठिकाणच धरलं जातं. २०१८ मध्ये मी-टूच्या वेळी आपल्या धंद्यातल्याही मुली छळाबद्दल बोलल्या, त्या बोलल्या म्हणून आज थोडं तरी बदललंय. मुलांनीही हे पाठ करून ठेवा.

पार्टीत दारू प्यायलाच हवी असं काही नाही. लिंबूपाणी घेऊन बसलेल्या माणसाचं इथे काही अडत नाही.

अवॉर्ड

ॲबी अवॉर्ड, गोवाफेस्ट हा जाहिरातवाल्यांचा मेळावा, जूनमधला फ्रान्समधला कानचा जाहिरात महोत्सव, यांची चर्चा वर्षभर चालते आणि वातावरण त्याने भारलेलं असतं. अवॉर्ड चांगलेच आहेत, जगात काय काम होतंय ते दिसतं. पण क्लायंटने न मागितलेलं, न छापलेलं काम केवळ एंट्रीसाठी करायला कोणी सांगितलं तर सावध राहा. २०१३ मध्ये एका कारच्या नावाने मंजुरीशिवाय केलेली पोस्टर्स बाहेर आली, जगभर टीका झाली, जाहीर माफी मागावी लागली आणि एजन्सीतल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तुमचं नाव ज्या कामावर आहे ते क्लायंटने बघितलंय ना एवढं विचारायला लाजू नका. आणि खऱ्या कामाच्या एंट्रीत क्रेडिट लिस्ट बनते तेव्हा आपलं, स्टुडिओतल्या दादांचं, सगळ्यांचं नाव आहे का ते स्वतः बघा, नंतर घालता येत नाही.

सहा महिन्यांनंतर

एजन्सीची पाटी मनाला फार लावून घेऊ नका. १९२९ मध्ये मुंबईत आलेली जे. वॉल्टर थॉम्पसन मग हिंदुस्थान थॉम्पसन झाली, मग जेडब्ल्यूटी, २०१८ मध्ये वंडरमनबरोबर जोडली गेली आणि २०२३ मध्ये परत विलीनीकरण जाहीर होऊन व्हीएमएल. पाट्या बदलतात, मर्जर होतात, माणसं कमी करतात, त्यात तुमच्या कामाचा दोष असेलच असं नाही. म्हणून दर दोन महिन्यांनी पोर्टफोलिओ अपडेट करा, रिलीज झालेलंच काम टाका, पिचचं किंवा अजून बाहेर न आलेलं काम टाकू नका, तो करारभंग होतो. प्रत्येक कामाखाली तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा, लाइन तुमची का, आर्ट तुमचं का, की फक्त अडॅप्ट केलंत.

अप्रेझलला जाताना तोंडी काही सांगत बसू नका, एका पानावर लिहून न्या: कुठले ब्रँड, किती कामं रिलीज झाली, कुठलं मराठी काम जास्तीचं केलंत जे तुमच्या पदात लिहिलेलं नव्हतं. ते जास्तीचं काम चालू राहणार असेल तर त्याचे पैसे किंवा पद मागा, त्याच मीटिंगमध्ये. आणि सोडून जायची वेळ आली तर ओपन फाइल्स नाव घालून सर्व्हरवर ठेवा, चालू कामांची यादी पुढच्या माणसाला समजावून द्या, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप आठवणीने मागून घ्या, आणि पीएफ काढून टाकू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) नव्या कंपनीत ट्रान्सफर करून घ्या.